दोन सर्व्हरचं एक नाव

आमच्या कंपनीत कैलास औटीला कुणी साहेब म्हणत नाही. गेटवरच्या वॉचमनपासून डायरेक्टरच्या केबिनपर्यंत सगळे त्याला "कैलास, जरा ये ना" एवढंच म्हणतात, आणि तो येतो. प्रिंटर अडला, कैलास. हजेरीचं मशीन बोट घेत नाही, कैलास. कुणाच्या मुलाचा मोबाईल पाण्यात पडला, तरी कैलासच. नाही म्हणायला त्याला आईबापांनी शिकवलंच नाही. त्याची बायको प्रतीक्षा शिकवायला गेली, तर तिलाही तो हो म्हणून मोकळा झाला.

मी दीपा तामोरे. तारापूरच्या एमआयडीसीत, औषधं बनवणाऱ्या याच कंपनीत लॅब सांभाळते. गाव दांडी. माझा आवाज चढला की लॅबमधल्या पोरी हातातली काचेची भांडी आधी खाली ठेवतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण कैलासबद्दल सांगताना मला अधूनमधून राग येणार आहे. धाकट्या भावासारखी माया आहे म्हणून जास्तच येतो.

तो मूळचा पारनेरकडचा. वडील झुंबर औटी एका साखर कारखान्यात पंपावर होते. कैलासने डिप्लोमा केला, वीज केंद्रात असलेल्या एका लांबच्या मामाने "इकडे ये, कंपन्याच कंपन्या आहेत, कुठेतरी चिकटशील" म्हणून बोईसरला बोलावलं, आणि तो खरंच चिकटला. आता उमरोळीला राहतो. घरून मोटरसायकलवर येतो, हेल्मेट काढलं की केस उभे राहिलेले असतात आणि ते दिवसभर तसेच राहतात.

त्याचं खरं काम मात्र प्रिंटरचं नाही. सर्व्हर रूममध्ये एक उंच कपाट आहे. त्यात कपडे नाहीत, डिस्का आहेत. कंपनीतले सगळे सर्व्हर, हिशेबाचा, स्टोअरचा, लॅबचा, आपापला डेटा या कपाटातल्या आपापल्या खणांत ठेवतात. आता कुठला खण कुणाचा हे कपाटाला आपोआप कळत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. त्याला होस्ट एजंट म्हणतात. तो आतून कपाटाला सांगत राहतो, की माझं नाव हे, माझा पत्ता हा, मला हे खण दिलेत, त्यातला अमुक भरत आलाय. हे एजंट बसवायचे, नवे आले की बदलायचे, एखादा निजला तर उठवायचा, हे कैलासचं काम. सकाळी आला की तो स्क्रीनवर सगळे एजंट हिरवे दिसतात का ते बघतो आणि मगच चहा घेतो. एकदा मी विचारलं, "अरे, नाही दिसला एखादा हिरवा तर काय आभाळ कोसळणार आहे?" तर म्हणाला, "ताई, ज्याचा एजंट बोलत नाही त्या सर्व्हरचं काय दुखतंय ते मरेपर्यंत कळत नाही." एवढं गंभीर तोंड करून म्हणाला की मला हसूच आलं.

गेल्या वर्षी माझ्या लॅबला नवा सर्व्हर आला. त्याला नेटवर्कची दोन कार्डं होती, एक ऑफिसच्या लाइनवर आणि एक लॅबमधल्या यंत्रांच्या लाइनवर. अशा ठिकाणी एजंट गोंधळतो आणि भलत्याच कार्डाचा पत्ता सांगत बसतो. त्यावर इलाज असा, की सर्व्हरवर दोन ओळींची एक फाइल हाताने करून ठेवायची. वरच्या ओळीत सर्व्हरचं नाव, खालच्या ओळीत बरोबर पत्ता. एजंट मग तेवढंच वाचतो आणि तेच सांगतो.

दोन ओळी लिहायला काय लागतं? पण या लोकांची एक खोड असते. नवीन काही लिहायचं नाही, जुनं उचलायचं आणि त्यात बदल करायचा. कैलासने स्टोअरच्या जुन्या सर्व्हरवरची फाइल उचलून लॅबच्या सर्व्हरवर टाकली. पत्ता बदलला. आणि तेवढ्यात कुणीतरी दारातून म्हणालं, "कैलास, जरा ये ना." तो गेला. परत आला तेव्हा एजंट हिरवा होता. झालं काम. नाव बदलायचं राहून गेलं.

म्हणजे आता कपाटाच्या लेखी स्टोअरचा सर्व्हर आणि लॅबचा सर्व्हर एकच. दोघांचे खण एकाच नावाखाली. काही बिघडलं नाही. माझ्या पोरी रोज तपासण्या करत होत्या, आकडे त्या कपाटात जात होते, आणि मी सगळ्यांना नवा सर्व्हर किती भारी आहे ते सांगत फिरत होते.

उन्हाळ्यात स्टोअरचा जुना सर्व्हर मोडीत काढायचं ठरलं. कैलास आपल्या टेबलावर बसून कपाटाच्या स्क्रीनवर गेला, स्टोअरच्या नावावर गेला. त्याखाली दोन खण दिसले. दोन्ही स्टोअरचेच असणार असं त्याने धरलं आणि दोन्ही काढून घेतले. त्याच क्षणी इकडे माझ्या लॅबमधले सगळे स्क्रीन जागच्या जागी थिजले.

आणि त्याच वेळी सर्व्हर रूममध्ये प्रदीप होता.

प्रदीप वरठा हा इलेक्ट्रिकच्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कैलासला साहेब म्हणणारा एकटाच. मनोरच्या पुढे, हायवे सोडून आत डोंगराला लागून त्याचा पाडा. आयटीआय करून वायरमन झालेला पाड्यातला पहिला मुलगा. कामाला इतका हळुवार, की माझ्या लॅबमधला पंखा उतरवताना त्याने खाली आधी वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्या दिवशी तो यूपीएसचे स्क्रू आवळायला सर्व्हरच्या रॅकच्या मागे शिरला होता. रॅकमागची जागा म्हणजे माणसाने पोट आत घेऊन उभं राहावं अशी. अलार्म वाजला, कैलास धावत आला, आणि रॅकमागून प्रदीप घाबरून म्हणाला, "साहेब, माझा कोपर लागला वाटतं. निली वायर हलली."

तो स्वतःच म्हणाला! मग कोण कशाला पुढे शोधतंय? कैलासने आपले साहेब मनीषसर यांना सांगितलं की इलेक्ट्रिशियन मागे होता, त्याचा हात लागला. त्या वेळी त्यालाही तेच खरं वाटत होतं. मनीषसरांनी रिपोर्ट केला, कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, आणि प्रदीपचा गेटपास काढून घेतला. वायरीच्या धक्क्याने लॅबचा खण बिघडला असं धरून कैलासने घाईघाईत केबलच्या नंबरावरून कपाटाला लॅबच्या सर्व्हरची हाताने ओळख करून दिली, नवा खण दिला आणि बॅकअप चढवला. बॅकअपच्या नंतरच्या सगळ्या तपासण्या मात्र गेल्या. माल अडकला. माझ्या पोरी रविवारीसुद्धा येऊन तेच नमुने पुन्हा तपासत होत्या, आणि मी वरपासून खालपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होते. कुणा एकाला नाही, सगळ्यांना.

त्याच आठवड्यात एजंटची नवी आवृत्ती सगळ्या सर्व्हरवर चढवायची होती. कैलास लॅबच्या सर्व्हरवर गेला, त्याने ती दोन ओळींची फाइल उघडली, आणि वरच्या ओळीत त्याला स्टोअरचं नाव दिसलं.

मला तो नंतर म्हणाला, "ताई, आपण काय केलंय ते एका नजरेत कळलं." वायर हलली असेल नसेल, तिचा काही संबंध नव्हता. खण त्याने स्वतः, आपल्या हाताने, आपल्या टेबलावर बसून काढून घेतला होता. त्याने काय करायला हवं होतं हे मी सांगायला नको. त्याने काय केलं ते सांगते. त्याने नाव दुरुस्त केलं, फाइल बंद केली, एजंट हिरवा झालेला बघितला आणि गप्प बसला.

गप्प बसायला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर कालच का नाही सांगितलंस हा प्रश्न आला असता. आठवडा गेला की आठवड्याचा प्रश्न. असं करत महिने गेले.

आणि दर महिन्याला त्याची परीक्षा होती. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी गेटच्या आतल्या मैदानात सगळे उभे राहतात. कामगार, कॉन्ट्रॅक्टरची माणसं, ऑफिसवाले, सगळे. सुरक्षेची शपथ होते आणि मग सेफ्टी ऑफिसर माइकवरून वर्षभरात झालेल्या चुका वाचतो, म्हणजे दुसऱ्याने धडा घ्यावा. निम्मी माणसं यूपी-बिहारची, म्हणून हे सगळं हिंदीत. प्रत्येक घटना वाचून झाली की टाळ्या वाजवायच्या असा रिवाज आहे. चुकीला टाळ्या का, हे मी वीस वर्षांत कुणाला विचारलं नाही आणि कुणाला माहीतही नसावं. तर उन्हाळ्यापासून दर महिन्याला ते वाचलं जाई, "सर्व्हर रूम में एक ठेकेदार इलेक्ट्रिशियन की लापरवाही से…" आणि मग टाळ्या. पुढेपुढे सेफ्टी ऑफिसर नावही घ्यायला लागला. वरठाचं वारठा करायचा.

मी बघत होते, कैलास टाळ्या वाजवत नव्हता. हात मागे बांधून खाली बघत उभा राहायचा. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून नुसता भात चिवडायचा. प्रतीक्षाने मला फोन करून विचारलं, "ताई, ऑफिसात काही झालंय का? हा घरात एकदम शहाण्यासारखा वागतोय, मला भीती वाटते." मला वाटलं, कामाचा ताण असेल. म्हटलं, चार दिवस गावाला जाऊन या.

दिवाळीनंतरची गोष्ट. कँटीनमध्ये मी त्या वाया गेलेल्या रविवारांबद्दल पुन्हा बडबडत होते आणि म्हणाले, "बिचारा प्रदीप कुठे असेल कोण जाणे." कैलासने ताट पुढे सरकवलं आणि सगळं सांगितलं. दोन कार्डं, दोन ओळी, दोन खण. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. त्याचं सांगून झाल्यावर माझा आवाज मात्र सगळ्या कँटीनने ऐकला.

"अरे मेल्या, मग हे तिकडे वर जाऊन सांग ना! मला काय सांगतोस?"

तो उठला आणि खरंच गेला. मी दाराबाहेर उभी राहिले, पळून येऊ नये म्हणून. मनीषसर माणूस वाईट नाही, पण रिपोर्ट एकदा बंद झाला की तो उघडणं त्यांना पाप वाटतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कैलास, तो रिपोर्ट परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरकडे जाऊन आलाय. आता आपण म्हणायचं की आमच्या सर्व्हरची नावंच चुकीची होती? तो विचारेल, आणखी कशाकशाची चुकीची आहेत? फाइल दुरुस्त केलीस ना? मग झालं. पोराला दुसरीकडे काम मिळालं असेल."

कैलास बाहेर आला. मी तोंडाकडे बघितलं तर माझं डोकंच फिरलं. त्याला हलकं वाटत होतं! वरच्या माणसाने गप्प बस म्हटलं, म्हणजे आता गप्प बसणं हे त्याचं पाप राहिलं नाही, कंपनीचं झालं. दोन दिवस तो नीट जेवला. मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तोच माझ्या लॅबच्या दारात आला आणि म्हणाला, "ताई, प्रदीपच्या घरी जाऊन येऊ या. मला एकट्याने होणार नाही."

रविवारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. प्रतीक्षाने लाडवांचा डबा बरोबर दिला होता. तिलाही त्याने सांगितलं होतं, आणि डबा देताना तिने त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघितलं. मनोरला बाजारात विचारलं, मग हायवे सोडून आत वळलो. पाड्यावर भाताची झोडणी चालली होती. प्रदीपची आई, लाडकी तिचं नाव, ओटीवर बसून सूप घेऊन भात पाखडत होती. त्याचे वडील, सुका वरठा, आता नाहीत. तिने आम्हाला खाट दिली आणि सुनेला, सपनाला, चहा ठेवायला सांगितलं. प्रदीप शेतावर होता, त्याला बोलवायला कुणीतरी गेलं.

ओटीच्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड उघडा होता. आतल्या वायरी बाहेर आलेल्या. कैलासने सहज विचारलं, "मावशी, हे असं का?"

"चार दिस झाले, लाईट जलत नाय," लाडकी म्हणाली. "मनोरचा वायरमन उद्या येतो बोलला हाय."

"वायरमन कशाला? प्रदीप आहे ना घरात."

लाडकीचं सूप थांबलं. उत्तर सपनाने आतून दिलं. "ते हात नाय लावत आता वायरला. पाड्यात कुनी बोलवला तरी नाय जात. हाताचा भरवसा नाय बोलतात."

मी कैलासकडे बघितलं. तो त्या उघड्या बोर्डाकडेच बघत होता. इतके महिने त्याला वाटत होतं, आपण प्रदीपचा पास घेतला. पास काय, दुसरीकडचाही मिळतो. त्या पोराकडे जे होतं ते हातातलं कसब, आणि तेच आपण काढून घेतलं, हे त्याला तिथे कळलं. मलाही तिथेच कळलं. मी त्या बोर्डाकडे बघायचं टाळलं.

प्रदीप आला. पायाला चिखल, अंगावर भुसा. आम्हाला बघून तो ओटीच्या खालीच थांबला आणि कैलासने तोंड उघडायच्या आत हात जोडून म्हणाला, "साहेब, माझ्यामुलं तुमाला लय तरास झाला. लॅबच्या म्याडमना पन झाला. मी तवा नीट बोललो नाय. माफी करा."

चहा आला. मी वाट बघत होते. एवढी शांतता मला सहन होत नाही, पण त्या दिवशी मी जीभ दाताखाली धरून बसले, कारण हे बोलणं त्याचं होतं. शेवटी तो म्हणाला, "प्रदीप, तुझा हात लागला नव्हता. म्हणजे वायर हलली असेल, पण त्याने काही झालं नाही. ते कपाटाचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम होतं. माझ्याकडून नाव चुकलं होतं. चूक माझी."

प्रदीप हसला. इतक्या समजुतीने हसला की मला रडू आलं.

"साहेब, तुमी चांगले हाय, म्हनून असं बोलता. मी बघली ना वायर हलताना. त्याच टायमाला भोंगा वाजला."

"नाही रे, खरंच सांगतो."

"राहू द्या ना साहेब. तुमी एवढ्या लांब आलात, मला बरं वाटावं म्हनून, तेच लय हाय."

कैलासने आणखी दोनदा सांगितलं. एजंट काय असतो, नाव कसं दोघांचं एक झालं, सगळं. प्रदीप मान हलवत ऐकत राहिला, मोठ्या माणसाचं मन मोडू नये तसं. लाडकीने आम्हाला निघताना नव्या तांदळाची पिशवी दिली. कैलास ती घेईना. ती रागावली, म्हणून घेतली.

परतताना हायवेला लागायच्या आत मी त्याला गाडी थांबवायला लावली. "अर्धंच सांगितलंस. कधी कळलं ते नाही सांगितलंस. त्याच आठवड्यात कळलं होतं, हे का गिळलंस?"

त्याने गाडी स्टँडवर लावली. मग म्हणाला, "तेवढंच सांगायची लाज वाटली, ताई. चुकलो म्हणायला जमलं. लपवलं म्हणायला जमेना." आणि पुढे म्हणाला, "त्याच्या घरात, त्याचा चहा पीत सांगितलं तर तो मानणारच नाही. दया वाटली म्हणून बोलतोय असंच वाटणार. जिथे त्याचं नाव घेतात, तिथे सांगायला पाहिजे."

मी मागे बसले. गाडी सुरू कर म्हटलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याने प्रदीपला गेटवर बोलावून घेतलं होतं. पास नसल्याने प्रदीपला आत सोडलं नाही. तो जाळीच्या बाहेर, ट्रकवाल्यांबरोबर उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पुन्हा कामावर घेणार असतील म्हणून बोलावलंय, असं त्याला वाटलं असावं.

शपथ झाली. सेफ्टी ऑफिसरने कागद वर धरला. "सर्व्हर रूम में एक ठेकेदार इलेक्ट्रिशियन, प्रदीप वारठा, की लापरवाही से…" आणि कैलास रांग सोडून पुढे चालत गेला. मनीषसरांनी हळूच "कैलास" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला नावाने हाक मारली आणि तो थांबला नाही. त्याने माइक मागितला. सेफ्टी ऑफिसरने दिला, कारण काय करावं हे त्याला सुचलं नाही.

"वो लापरवाही मेरी थी," कैलास म्हणाला. मग हिंदी संपली आणि तो मराठीत बोलला. "मी लॅबच्या सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरचं नाव दिलं. मग दुसऱ्याचा म्हणून लॅबचा डेटा मीच काढून घेतला. प्रदीप वरठाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी लपवलं. दर महिन्याला इथे उभं राहून त्याचं नाव ऐकलं आणि लपवलं."

मैदानातल्या निम्म्यांना सर्व्हर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. घटना सांगून झाली एवढंच त्यांना कळलं, आणि रिवाजाप्रमाणे मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. पुढच्यांनी मागे वळून बघितलं तशा त्या थांबल्या. मी टाळी वाजवली नाही. मला अभिमान वाटत होता आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

कैलासला पुढे मेमो मिळाला, चौकशी बसली, वरच्या जागेवर त्याचं नाव जाणार होतं ते गेलं नाही. मनीषसर अजून त्याच्याशी कामापुरतं बोलतात. गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने नवा रिपोर्ट वाचला, चार प्रश्न विचारले आणि पुढे गेला. एवढ्याचीच सगळ्यांना धास्ती होती. ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी माइक परत देऊन तो सरळ गेटकडे गेला. मी मागोमाग गेले. प्रदीप जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ते समजुतीचं हसू नव्हतं. बाहेर स्पीकर लावलेला असतो, त्याने सगळं ऐकलं होतं.

"त्याच आठवड्यात कललं होतं?" त्याने विचारलं.

"हो," कैलास म्हणाला.

"मी तुमाला फोन करीत होतो. पावसात पन, गनपतीत पन. तुमी एकदा पन उचलला नाय. मला वाटलं, साहेब एवढे रागावलेत का फोन पन घेत नाय."

कैलासच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भर गेटवर, ट्रकवाल्यांसमोर. "मला माफ कर, प्रदीप," एवढंच तो म्हणाला.

"तेच सांगायला मी फोन करीत होतो ना साहेब," प्रदीप म्हणाला. "तेच दोन शब्द. तुमी ऐकले असते तर मी झोपलो असतो."

कैलास जाळीच्या आत तसाच उभा राहिला. प्रदीपने त्याच्याकडे पाठ केली, सिक्युरिटीच्या खिडकीशी गेला आणि मोठ्या आवाजात आपला पास परत मागू लागला.